बापाचा पोळा

फुकट मिळालेली गोष्ट घरातल्या नेमक्या कुणाच्या वाट्याला येते, हे तुम्ही कधी नीट पाहिलंय का?

मी पाहिलंय. शिरूरला, जून महिन्यातल्या एका रविवारी, मिशनच्या जुन्या बंगल्यासमोर. तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते आणि माझी मतं आजच्यापेक्षा जास्त पक्की होती.

त्याला कारण आमचं घर. आम्ही दौंडला राहायचो. आप्पा, म्हणजे माझे वडील, कुरकुंभच्या एमआयडीसीत कामाला होते आणि कामावरून आले की युनियनची पत्रकं लिहायला बसायचे. गुलाबी, पिवळ्या, पोपटी कागदांचे गठ्ठे आमच्या पलंगाखाली असत. यूपी-बिहारहून आलेल्या कामगारांसाठी हिंदीतले गठ्ठे वेगळे. उरलेली पत्रकं घरातच वापरली जायची. वह्यांना कव्हर पत्रकाचं, भाकरीच्या टोपलीत खाली पत्रक, धाकट्या भावाचं विमानही पत्रकाचंच. मला अक्षरओळख झाली ती त्यांच्यावरच. त्यामुळे बरीच वर्षं माझी अशी समजूत होती की मराठी वाक्य उद्गारचिन्हाशिवाय संपतच नाही. शाळेत गायीवर निबंध लिहायला सांगितला तेव्हा मी शेवट केला होता, ‘गाय आमची आहे आणि आमचीच राहील!’ गुरुजींनी तो वर्गात वाचून दाखवला. आप्पांनी तो घरी जपून ठेवला.

आमच्याकडे वर्षातून एकदा सगळ्यांनी मिळून एक दिवस कुठंतरी जायचं ठरलेलं असे. आप्पांची सुट्टी, आबांचे गुडघे आणि एसटी, या तिन्ही गोष्टी एका दिवशी जुळल्या की निघायचं. आबा म्हणजे आप्पांचे वडील. कुठं जायचं ते दरवर्षी आप्पा किंवा आबाच ठरवायचे. त्या वर्षी मात्र पीठ मळता मळता आई म्हणाली, “शिरूरला जाऊ.”

शिरूर आईचं माहेर. पण तिथं आता तिचं कुणी उरलं नव्हतं. मामा पिंपरीला गेला होता.

“तिथं काय हाय बघायला?” आबांनी विचारलं.

“मिशनच्या बंगल्यात जुन्या वस्तूंचं संग्रहालय मांडलंय म्हनं,” आई म्हणाली. एवढं बोलून तिनं पिठात पाणी घातलं आणि विषय मिटवला. आईनं स्वतःहून काही मागितलेलं मला तोवर आठवत नव्हतं. आप्पांनाही आठवत नसावं. ते लगेच “जाऊ” म्हणाले.

एक गोष्ट आधी सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आबांची हयात मेंढरांमागे गेली. मुक्काम हलवायचा असला की सगळे एकदम हलत नसत. एकजण पुढे जायचा, चारा कसा आहे, पाणी कुठं आहे, गाव कसं आहे ते बघून यायचा. बाकीचे मेंढरांपाशी थांबायचे. तो परत आला की त्याच्याभोवती बसून ऐकायचे, आणि त्यानं जे सांगितलं ते आपणच पाहिलं असं धरून चालायचे. पुढे आबांनी मेंढरं विकली, घर शेतीवर स्थिरावलं, आप्पा कंपनीत लागले. ही रीत मात्र आमच्यासोबत दौंडच्या दोन खोल्यांत राहायला आली. दौंडला सर्कस आली तेव्हा चुलता एकटा जाऊन आला आणि रात्री जेवताना त्यानं सगळ्या घराला सर्कस दाखवली. मी दुसऱ्या दिवशी वर्गात सिंहाची आयाळ वर्णन करून सांगितली, तीही अगदी छातीठोकपणे. “एकानं बघितलं म्हंजी घरानं बघितलं,” असं आबा म्हणायचे.

तर आम्ही न्हावऱ्यावरून जाणाऱ्या एसटीनं शिरूरला उतरलो. स्टँडवर भेळ खाल्ली आणि पिशव्या सांभाळत मिशनच्या आवारात पोचलो. फाटकातून आत गेलं की एक प्रचंड चिंच. तिच्यापलीकडे बंगला. खाली कौलारू व्हरांडा, वर माडी. चिंचेखाली बसायला कुणाला आडकाठी नव्हती. तिकीट होतं ते बंगल्यात शिरायचं. पायरीपाशी टेबल टाकून एक वयस्कर बाई बसल्या होत्या. तिथल्याच शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका होत्या, हे त्यांनी न सांगताही त्यांच्या बसण्यावरून कळत होतं. टेबलाला पुठ्ठा टांगलेला: ‘आज वडिलांना प्रवेश मोफत.’

आप्पांनी तो मोठ्यानं वाचला. आबा म्हणाले, “का बरं?”

“आज वडिलांचा दिवस असतो, आजोबा,” बाई म्हणाल्या. “आमच्या चर्चमध्ये दरवर्षी करतो. सकाळी सगळ्या वडिलांना फूल दिलं.”

“बापाचा दिवस?” आबांनी काठीवर दोन्ही हात ठेवले. “म्हंजी पोळा म्हना की!”

“मग ह्यांची शिंगं रंगवाय पायजेत,” आई आप्पांकडे न बघता म्हणाली.

“रंगवा. झूल बी घाला,” आप्पा म्हणाले. “उद्या फर्स्ट शिफ्टला परत मानंवर जू हायेच.”

बाईंना एवढं हसू आलं की त्यांनी चष्मा काढून ठेवला.

आणि मग आमच्या घरानं ते केलं, जे करायला आमचंच घर हवं. दुसरं कुणी असतं तर आप्पा फुकट आणि बाकीच्यांची तिकिटं, असं सगळे आत गेले असते. तिकीट काही फार नव्हतं, खिशात पैसेही होते. पण आम्हाला ते सुचलंच नाही. आबांनी चिंचेखाली उपरणं अंथरलं, आईनं पिशव्या मांडल्या, आणि आबा आप्पांना म्हणाले, “जा. बघून ये.”

“बाकीचे?” बाईंनी विचारलं.

“ते आले की सांगतील,” आई म्हणाली.

बाईंनी आमच्याकडे एकदा, पुठ्ठ्याकडे एकदा पाहिलं आणि आप्पांना आत सोडलं. जाताना प्रत्येकानं त्यांच्यावर काम सोपवलं. आबांना जाणून घ्यायचं होतं की आत घोंगडं आहे का आणि असलं तर सुताचं की लोकरीचं. धाकट्याला तोफ हवी होती. मला सगळंच हवं होतं. आईनं काहीच सांगितलं नाही.

आप्पा बाहेर आले ते तापूनच. “आत करवती हायेत, रंधे हायेत, लोहाराचा भाता हाय,” ते उभ्यानंच सांगू लागले. “प्रत्येकाला पाटी. कुठून आणलं, कुणी दिलं, सगळं लिवलंय. पण ज्यानं त्यो भाता वढला त्याचं नाव? एका पाटीवर न्हाई! एका बी!”

“बरोबर!” मी म्हणाले.

“घोंगडं?” आबांनी विचारलं.

आप्पा थांबले. “ते बघायचं ऱ्हायलं.”

“तोफ?”

“बघतो.”

पत्रकं लिहिणाऱ्या माणसाला संग्रहालयात पाठवलं की तो वस्तू बघत नाही, पाट्या वाचतो, हे आम्हाला तेव्हा कळलं. आबांनी त्यांना परत पाठवलं. फुकटच होतं. बाईंनी हातानंच ‘जा’ म्हटलं.

दुसऱ्या खेपेला ते बराच वेळ आले नाहीत. आले तेव्हा चेहरा असा की जणू बोनसचा करार सही होऊन आला. आत एक जुनं छपाईयंत्र होतं, पायानं चालवायचं. शेजारी लाकडी खणांतून शिशाचे खिळे, एकेका अक्षराचे. आप्पा ते सांगताना पाय हलवत होते, हातानं कागद ठेवत होते, काढत होते. चिंचेखाली दुसरं एक कुटुंब बसलं होतं, तेही सरकून ऐकायला आलं. “असं एक यंत्र आपल्याकडं असतं ना,” आप्पा म्हणाले, आणि पुढे काय झालं असतं ते त्यांनी सांगितलं नाही, पण कंपनीच्या मॅनेजमेंटचं काही खरं नव्हतं एवढं आम्हाला समजलं.

“तोफ?” धाकट्यानं विचारलं.

“न्हाई रं बाबा तोफ. बंगला हाय, किल्ला न्हाई.”

तेवढ्यात आई बोलली. खालच्या आवाजात, पिशवीचा बंद सोडता सोडता. “अहो, माडीवर गेला व्हता का?”

“व्हय की.”

“रंगीत काचांची खिडकी हाय नव्हं तिथं? तिच्यातनं हितलं दिसतं का? ह्या चिंचंखालचं?”

“दिसतं की,” आप्पा म्हणाले. “सगळं दिसतं.”

आई एकदम ताठ झाली. तिनं पदर ओढून घेतला, मांडी मोडून पाय जवळ घेतले. आप्पांचं बोलणं पुढे चालूच होतं, पण मी आईकडे बघत होते. “काय झालं गं?” मी विचारलं.

तेव्हा तिनं सांगितलं. लहानपणी तिची आई या बंगल्यात दूध घालायला यायची. मिशनच्या मोठ्या बाई तेव्हा माडीवर राहायच्या. दूध मोजून होईपर्यंत आईला या चिंचेखाली बसवलेलं असे. बसवताना तिची आई रोज बजावायची, “नीट बस. वरून बाई बघत्यात.” इथून खिडकीचा वरचा रंगीत काचांचा अर्धगोल तेवढा दिसायचा. तो दिसत असेपर्यंत आई नीट बसायची. पाय पसरायचे नाहीत, डोकं खाजवायचं नाही, पडलेली चिंच उचलून तोंडात टाकायची नाही. मोठ्या बाईंनी तिला कधी काही म्हटलं नव्हतं. दिसल्या तर हसायच्या. पण ती खिडकी आईच्या मनातून गेली नाही. शाळेत, सासरी, नळावर, कुठंही बसली तरी तिला वाटायचं, कुणीतरी वरून बघतंय. “मला लई दिसापास्नं वाटायचं,” आई म्हणाली, “एकदा त्या खिडकीत हुभं ऱ्हाऊन बघावं. हितं बसलेली पोरगी कशी दिसती ते.”

म्हणजे त्या दिवशी शिरूरला आम्ही आलो होतो ते यासाठी. भेळेसाठी नाही आणि भात्यासाठीही नाही.

“मग तू जा ना आत!” मी म्हणाले.

“आता काय जायचं. ह्यांनी बघितलं की. दिसतं म्हनत्यात.”

“तिकीट काढतो,” आप्पा म्हणाले.

“खिडकी बघाया तिकीट? खुळं का काय!”

माझ्या अंगात त्या वेळी पलंगाखालचे सगळे गठ्ठे एकदम जागे झाले. मी उठले, टेबलासमोर जाऊन उभी राहिले आणि मूठ वर केली. “बापाला फुकट, आईला तिकीट! नाही चालणार, नाही चालणार!” धाकट्याला तोफ न मिळाल्याचा राग होताच, तो मागून “नाही चालणार!” ओरडू लागला. शेजारच्या कुटुंबातली दोन पोरंही सामील झाली. कशासाठी ते त्यांना माहीत नव्हतं, पण आवाज चांगला होता.

बाईंनी मला शांतपणे पूर्ण घोषणा देऊ दिली. मग म्हणाल्या, “बाळ, हा पुठ्ठा आमच्या तरुण मंडळींनी लिहिलाय. मला स्वतःला तिकीट काढावं लागलं. पुढच्या वर्षी जरा आधी ये, आपण दोघी मिळून ओरडू.”

मला मोर्चा एवढ्या प्रेमानं कुणी परतवला नव्हता. पुढे काय करायचं ते कुठल्याच पत्रकात नव्हतं.

आणि आबा काठी टेकत उठले. “मी बी बापच हाय की,” ते म्हणाले.

“पुरावा?” बाई आता रंगात आल्या होत्या.

आबांनी काठी आप्पांकडे केली. “ह्यो काय. मिशा फुटलेला पुरावा.”

ते आत गेले. माडीचा जिना चढताना त्यांची काठी वाजत होती ती खालपर्यंत ऐकू येत होती. मग वरून त्यांचा आवाज आला. आबा दिसत नव्हते. तो रंगीत अर्धगोलच दिसत होता, त्याखालून कुठून तरी आवाज येत होता. “सूनबाई! कुठं हायस?”

“हितंच हाय, आबा! चिंचंखाली!”

“मला न्हाई दिसत! कौलं दिसत्यात आन् चिंचंचा शेंडा! बाकी काय न्हाई!”

आप्पा पुढे झाले. “आबा, तुमची नजर कमी झालीया! दिसतं तिथनं!”

“माझी नजर?” वरचा आवाज चढला. “कोसावरचा लांडगा वळखणारी नजर हाय ही! तू बघितलंस का खिडकीतनं? का पाट्याच वाचत हुतास?”

“बघितलं की!” आप्पा म्हणाले, पण आवाज जरा खाली आला होता. आईनं त्यांच्याकडे बघितलं. आप्पांनी चिंचेकडे बघितलं.

मग आबा खाली आले, हळूहळू, एकेक पायरी. दारात उभे राहून त्यांनी आप्पांना नाही, मला नाही, आईला सांगितलं, “सूनबाई, दोघांचं दोन सांगनं झालं. आता तुला जावं लागंल.”

आईच्या चेहऱ्यावर काय झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. मुक्कामाची रीतच तशी होती. पुढे गेलेल्या दोघांचं सांगणं जुळलं नाही तर त्या दोघांपैकी कुणी परत जायचं नाही. जिला तिथलं पाणी वाहायचंय, ती बाई जायची. तिचं बोलणं शेवटचं. लहानपणी मला वाटायचं ही आबांनी रचलेली गोष्ट असेल. आई मात्र उठली, पदर खोचला, आणि कामाला निघाल्यासारखी निघाली. आप्पांनी तिकीट काढलं तेव्हा ती काही बोलली नाही. काम होतं ते. चैन नव्हती.

मला त्या वेळी संताप आला होता. स्वतःच्या इच्छेसाठी ती उठली नाही, आणि सासऱ्यानं हुकूम केला तर उठली! आजही मला ते पटत नाही. पण आबांनी हुकूम कशासाठी केला होता, तेही आज मला कळतं. नजर त्यांची खरंच कमी झाली होती. आवाज मात्र त्यांनी मुद्दामच मोठा काढला असणार, आईला जावंच लागावं म्हणून.

पायरीवर आई वळली आणि मला म्हणाली, “तू बस तिथं. बुंध्यापाशी. मी बसायची तशी.”

मी बसले. मांडी घालून, ताठ, हात गुडघ्यांवर. वर आईची पावलं ऐकू आली. मग आवाज, “बसलीस का?”

“बसले!”

“नीट बसलीस का?”

“नीट!”

मग, जरा वेगळ्या आवाजात, “आता वाकडी बस!”

मी एका कुशीवर लवंडले. “बसले!”

“जीभ काढ!”

मी जीभ काढली. धाकट्यानं न सांगता काढली. शेजारच्या दोन्ही पोरांनीही काढल्या. आबांनी माझ्याकडे बघितलं, टेबलामागच्या बाईंकडे बघितलं, आणि त्या वयात त्यांनीही जीभ काढली.

“काढली का?”

“सगळ्यांनी!”

आणि वरून हसू आलं. आई घरी हसायची ती तोंडाला पदर लावून. हे हसू तसं नव्हतं. कौलांवरून घरंगळत खाली आलं ते. “अगं, काहीच दिसत न्हाई!” ती ओरडत होती. “कायसुदिक न्हाई! नुसती कौलं! कुनीच बघत नव्हतं गं मला! कुनीच!” बाई टेबलामागे उभ्या राहून टाळ्या वाजवू लागल्या. आप्पा मान खाली घालून हसत होते, आणि मग मान वर करून मोठ्यानं हसले.

आई लवकर खाली आलीच नाही. तिनं आख्खं संग्रहालय बघितलं. बाहेर आली तेव्हा आम्ही सगळे तिच्याभोवती बसलो, शेजारचं कुटुंबही. तिनं सांगितलं ते आप्पांच्या दोन्ही खेपांत नव्हतं. घोंगडं होतं, लोकरीचं, एका कोपऱ्यात कसर लागलेलं. पायपेटी होती, बाईंच्या परवानगीनं तिनं एक पट्टी दाबली होती, आवाज गाढवासारखा आला होता. भात्याच्या दांड्यावर एका जागी लाकूड झिजून गुळगुळीत झालं होतं, तिथं तिनं हात ठेवून बघितला होता. “त्यो मानूस डावखुरा आसनार,” ती म्हणाली. हे कुठल्या पाटीवर नव्हतं.

सांगता सांगता तिनं बुंध्याला पाठ टेकली, दोन्ही पाय लांब पसरले आणि खाली पडलेली एक चिंच उचलून तोंडात टाकली. फार आंबट होती ती. तिनं सगळा चेहरा वेडावाकडा केला आणि दुसरी उचलली.

दौंडच्या एसटीत ती खिडकीपाशी बसली. न्हावरं येईपर्यंत तिचं बोलणं संपलं नव्हतं.

तर माझं तुमच्याकडे एक मागणं आहे. येत्या सुट्टीत घरचे सगळे कुठं काही बघायला गेलात, तर ‘तू येतेस का आत?’ असं आईला विचारू नका. ती नाही म्हणेल. न विचारता तिकीट काढा, तिच्या हातात द्या, पिशव्या तुमच्या मांडीवर घ्या आणि तिला एकटीला पुढे पाठवा. ती बाहेर आली की तिच्याभोवती बसा, आणि तिचं सांगून होईपर्यंत मध्ये बोलू नका!